पटाची उलटी बाजू

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा राजेसुद्धा जमिनीवर मांडी घालून चारचौघांच्या पंगतीत जेवत.

अशा एका राज्यात, राजाच्या मुदपाकखान्याशेजारी एक पेटी होती आणि पेटीत एक पट होता. पट म्हणजे जेवणाची ताटं मांडण्यासाठी अंथरायचं लांब कापड. सात हात लांब, दोन हात रुंद. त्याला धड एक रंग नव्हता. रेशीम, सूत, जर, ताग, जे म्हणाल ते त्यात होतं, कारण त्या राज्याची रीतच तशी होती. पटावर पहिल्यांदा जेवलेला पाहुणा हात धुतले की आपल्या वस्त्राची एक दशी, म्हणजे एक धागा, काढून देई. पट जिथे विरला असेल तिथे राजवाड्याची रफूवाली ती दशी भरी. किती पिढ्यांचे पाहुणे त्यात भरले गेले होते, कुणालाच सांगता येत नसे. पट उलगडला की बडबड्या माणसाचंही तोंड आपोआप बंद होई.

त्या राज्यात नवा राजा गादीवर बसायचा होता. तरुण होता, देखणा होता, आणि आपल्या घराण्याविषयी बोलू लागला की कुणाला जेवू देत नसे. भाटांनी त्याला लहानपणापासून ऐकवलं होतं, की या पटावर पहिला घास घेतला तो घराण्याच्या मूळपुरुषानेच.

“म्हणजे त्यांची दशी या पटात असणार,” राजा म्हणाला, “आणि ती सोन्याचीच असणार. ती माझ्या मुकुटात बसवायची.”

त्याने रफूवाल्या म्हातारीला बोलावलं. “म्हातारे, आठ दिवसांत मूळपुरुषाची दशी शोधून दे. नाही दिलीस, तर सुईही दुसरीच्या हाती जाईल आणि तुझं घरही.”

तिचं घर म्हणजे तटाला टेकलेली एक खोली. तिची आई तिथेच राहिली, तिथेच गेली. म्हातारीला जगात दुसरा आसरा नव्हता.

“शोधते, महाराज,” ती म्हणाली.

पहिले चार दिवस तिने शोधलं ते सगळे शोधतात तिथेच, पटाच्या सुलट बाजूला. जरीचे धागे पुष्कळ होते आणि प्रत्येक धागा मीच तो राजाचा म्हणून चमकत होता. पाचव्या दिवशी तिने पट उलटा केला. उलट बाजूला नुसत्या गाठी होत्या. रफूवाल्या बायका नवी दशी नेहमी जुन्या दशीला गाठ मारून मगच भरत. त्यामुळे जी गाठ खाली, ती आधीची. म्हातारी उन्हात बसून एकेक गाठ सुईच्या टोकाने बाजूला सारत खाली खाली जाऊ लागली. जरीखाली रेशीम निघालं, रेशमाखाली ताग, तागाखाली पुन्हा सूत. आपण कुठल्या काळात उतरतो आहोत, या विचाराने तिच्या अंगावर काटा येत होता. सातव्या दिवशी ती तळाशी पोचली, आणि तिने सुई खाली ठेवून हात जोडले.

राजाचा कारभारी चौकशीला आला. “सापडली का?”

“सापडली. पण महाराजांना रुचायची नाही.”

कारभारी इकडेतिकडे बघून म्हणाला, “मग एखादी जरीची तार उपट आणि दे. विचारतंय कोण?”

“कुणी नाही विचारणार,” म्हातारी म्हणाली, “पण उद्या याच बोटांनी पट भरायचाय मला.”

ती घाबरली नव्हती असं मी म्हणणार नाही. कारभारी गेल्यावर ती खोलीतल्या भांड्यांची आवराआवर करत बसली.

आठव्या दिवशी भर दरबारात तिने पट अंथरला, तोही उलटा. लोक कुजबुजले. म्हातारीने एका मळकट धाग्यावर बोट ठेवलं.

“ही पहिली दशी. हिच्याखाली दुसरी नाही.”

“हे कशाचं आहे?” राजाने विचारलं.

“विरलेल्या धोतराचं सूत.”

राजा लालबुंद झाला. “आमचे मूळपुरुष विरलेलं धोतर नेसायचे?”

“ते मला नाही ठाऊक, महाराज. मला धाग्यांचं कळतं.”

“मग ही पहिली, तर ती बांधलीय कशाशी?”

म्हातारीने बोट ओलं केलं, त्या गाठीतून गेलेल्या एका जाड काळ्या धाग्यावर चोळलं आणि म्हणाली, “वास घ्या.”

राजा वाकला. ओल्या मेंढराचा वास आला.

“घोंगडीची लोकर,” म्हातारी म्हणाली. “ही पाहुण्याची दशी नव्हे. ज्याने जेवायला अंथरलं, त्याचं हे अंथरूण. घोंगडीचे बाकीचे धागे केव्हाच झिजले, हा एवढाच राहिला. हळूच ओढून बघा.”

राजाने चिमटीत धरून तो धागा जरासा ओढला. त्याबरोबर अख्खा पट हलला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सातही हात, एक चुणी सरसरत गेली. जर आखडली, रेशीम आखडलं, शंभर राजे आणि हजार वाटसरू एका काळ्या धाग्याबरोबर ओढले गेले. एका म्हाताऱ्या सरदाराने नकळत पागोटं उतरवलं.

राजाने घाईघाईने धागा सोडला आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही तळव्यांनी पट सारखा करू लागला. त्याला सगळं समजलं होतं. त्याचा मूळपुरुष त्या घोंगडीवर राजा म्हणून बसलाच नव्हता. तो उपाशी बसला होता. कुणा धनगराने त्याला जेवू घातलं, आणि द्यायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने धोतराचा धागा काढून दिला. राज्य वगैरे सगळं त्या घासानंतरचं.

“आजी,” राजा म्हणाला, “यातलं काही मुकुटात नको. पट तुमच्याकडेच राहू दे, आणि घरही.”

राज्याभिषेकाच्या दिवशी पंगत बसली. पहिलं पान मांडलं होतं ते डोंगरातल्या वस्तीवरून आणलेल्या एका धनगरणीसाठी. बिचारी भेदरून गेली होती.

“म्हाराज, माझी मेंढरं कुनाच्या रानात शिरली का? काय चुकलं असंल तर पदरात घ्या.”

राजा हातात भाताचं पातेलं घेऊन तिच्यासमोर उभा होता. तो म्हणाला, “चूक आमची आहे, आई. तुमच्या घरी जेवून आम्हाला इतक्या पिढ्या झाल्या, आणि तुम्हाला जेवायला बोलवायचं राहूनच गेलं.”

त्याने वाकून तिला वाढलं. ती पोटभर जेवून उठली, तेव्हाच त्याने मुकुटासाठी मान पुढे केली.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, माणूस कितीही मोठा झाला, तरी उपाशीपणी ज्याने त्याला जेवू घातलं, त्याचा मान स्वतःच्या मानाआधी.