हडळीची पोथी आणि भिवाचा अभिप्राय

एका गावात एक भोळा समीक्षक होता. समीक्षक आणि भोळा, असं सहसा जमत नाही. भिवाला जमलं होतं.

गावाला भुतांच्या खेळाचं भारी वेड. चौघं टेबलाभोवती बसायची. एक जण गोष्ट सांगायचा, बाकीचे गोष्टीतली माणसं व्हायचे, आणि कोण वाचलं, कोण मेलं ते फासे ठरवायचे. या खेळासाठी गोष्टींची, नकाशांची, नियमांची नवी नवी पुस्तकं निघत. त्यांची परीक्षणं कुमुदताई आपल्या मासिकात छापत. गावचे खेळाडू इतके मुरलेले, की हडळ आली तरी जांभया द्यायचे. भिवा मात्र नुसता फासा पडला तरी किंचाळायचा. म्हणून ताईंनी परीक्षणाला त्यालाच धरलं.

पहिलं पुस्तक आलं स्मशानातल्या वरातीचं. भिवाने लिहिलं, "पुस्तक जाड आहे. उशाला बरं."

"अरे शहाण्या," ताई म्हणाल्या, "न खेळता लिहितात का? माणसं जमवायची, दिवे घालवायचे, मग पुस्तक उघडायचं."

"बरं, ताई."

मग आला नकाशांचा संच. भिवाने माणसं जमवली, दिवे घालवले, नकाशे उघडले. लिहिलं, "सगळे नकाशे काळे आहेत."

"अरे, नकाशा उजेडात बघायचा! कुठल्या खोलीत काय दडलंय, ते वाचकांना उघड करून सांगायचं."

"बरं, ताई."

मग आली खुनाची गोष्ट. भिवाने ती उजेडात वाचली आणि लिहिलं, "खून कारकुनाने केला. प्रेत माळ्यावर आहे. भूत वगैरे काही नाही, ती त्याची सासू आहे." त्या पुस्तकाचा लेखक ताईंच्या दारात येऊन ढसाढसा रडला.

"अरे देवा! रहस्य फोडतात का? तोंडाला कुलूप लाव. अवाक्षर सांगू नकोस."

"बरं, ताई."

मग आली नियमांची पुरवणी. भिवाने लिहिलं, "एक पुस्तक आलं आहे. नाव सांगणार नाही. आत काय आहे, सांगणार नाही. आवडलं की नाही, तेही सांगणार नाही."

ताईंनी कपाळावर हात मारला. "नियमांत कसलं आलंय रहस्य? पुस्तकात लिहिलंय तसं करून बघायचं. एकही पायरी गाळायची नाही. आणि पुस्तक कुठे मिळेल, एवढं तरी शेवटी सांगायचं!"

भिवाने खूणगाठ बांधली.

इकडे कुमुदताईंनी स्वतःच एक पुस्तक लिहिलं होतं, 'हडळीची पोथी'. या जांभया देणाऱ्या गावाला एकदा तरी घाम फोडायचा, हा त्यांचा ध्यास. कित्येक वर्षं घरचं सगळं आवरून त्या लिहीत बसायच्या. अखेर पुस्तक छापून आलं. गठ्ठे परसातल्या विहिरीजवळच्या पडवीत ठेवले, वर हस्तलिखित ठेवलं. संध्याकाळी प्रकाशन. ताई हार आणायला गेल्या आणि जाताना भिवाला म्हणाल्या, "तेवढं वाचून ठेव बाबा. आज तू बोलायचंस."

भिवा वाचू लागला. त्याला दरदरून घाम फुटला. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'ही पोथी घरात आहे तोवर हडळ घरात आहे. घरातली प्रत्येक पोथी विहिरीत सोडा. मागून ओळखीच्या बाईची हाक येईल. वळून पाहू नका. हात भरभर चालवा.'

बिचाऱ्या ताई! एवढे गठ्ठे घरात, म्हणजे केवढ्या हडळी! भिवा उठला आणि कामाला लागला.

ताई हार घेऊन आल्या आणि किंचाळल्याच. "भिवा! अरे, थांब!"

भिवाच्या अंगावर काटा आला. अगदी ओळखीचा आवाज! तो वळला नाही. त्याने हात भरभर चालवले.

शेवटचा गठ्ठा बुडाला तेव्हा तो हसत वळला. ताई मटकन खाली बसल्या होत्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"हस्तलिखित तरी ठेवलंस का रे?"

"ते सगळ्यात आधी सोडलं, ताई. हडळ मुळापासून जायला नको?"

संध्याकाळी गाव जमलं. भिवा उभा राहिला. म्हणाला, "असं पुस्तक मी आजवर वाचलं नाही. अजून हात कापतायत. लिहिल्याप्रमाणे सगळं केलं, एकही पायरी गाळली नाही. सगळ्यांनी घ्यावं."

मुरलेले खेळाडू जांभया सोडून सावरून बसले. "आम्हाला हवंय! मिळेल कुठे?"

भिवाने ताईंकडे अभिमानाने पाहिलं. हे सांगायला तो विसरणार नव्हता.

"ताईंच्या विहिरीत," तो म्हणाला. "पोहरा ज्याचा त्याने आणायचा."