जात्याचं नाव

घराघरांत हातानं दळण व्हायचं, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक पाथरवट होता. काम एकदम पक्कं. आसपासच्या दहा गावांत घरोघरी त्यानं घडवलेलं जातं फिरायचं.

त्याच गावात ठकूमावशी राहायची. जातं वापरून वापरून गुळगुळीत झालं, की त्याला छिन्नीनं बारीक टोचे पाडावे लागतात. त्याला टाकी लावणं म्हणतात. मावशी गल्लीगल्लीतून हाक देत जायची, "जात्याला टाकीऽऽ, टाकी लावा जात्याला." त्या हाकेवर तिची चूल पेटायची.

एकदा कुणीतरी भुसभुशीत दगडाचं जातं पाथरवटाचं म्हणून विकलं. पाथरवट चिडला आणि पाटलाकडे गेला. पाटलानं दवंडी पिटवली, की 'जातं' हा शब्द आता पाथरवटाचा. धंद्यात दुसऱ्या कुणी तो उच्चारायचा नाही.

मावशी पाथरवटाकडे गेली. "मालक, मी काही जातं विकत नाही. तुम्ही केलेलंच चालतं ठेवते."

"मग दुसरं काहीतरी म्हण की. शब्दांना काय तोटा?"

मावशी साधी बाई. दुसऱ्या दिवसापासून ती "दगडाला टाकी" म्हणत फिरू लागली. बायका पाटे-वरवंटे घेऊन बाहेर आल्या. कुणी म्हणालीच, की जात्यालाही लाव, तर मावशी मान हलवायची. "ज्याचं नाव घ्यायची बंदी, त्याला हात कसा लावू, बाई?"

"नवऱ्याचं नाव घेत नाहीस ते ठाऊक होतं, मावशे," बायका हसायच्या. "जात्याशी कधी लगीन लावलंस?"

मावशीही हसायची. पण पदरात पीठ कमी पडू लागलं.

चार महिने गेले. घरोघरचं जातं गुळगुळीत झालं. पीठ भरड येऊ लागलं, भाकरी थापताना चिरू लागली. पाथरवटाच्या कामात आता राम राहिला नाही, असं बायका बोलू लागल्या. बाजारात त्याच्यापुढे कुणी थांबेना. एकीनं तर आपलं जातं बैलगाडीत घालून परत आणून टाकलं. पाथरवटानं त्यावर हात फिरवला. दगड चांगला होता. त्याला फक्त टाकी हवी होती.

तो मावशीकडे आला. "मावशी, आजपासून तू 'जातं' म्हण. पण तू एकटीच. दहा गावांचं काम तुझं."

मावशीच्या घरात त्या दिवशी पीठ नव्हतं. तरी ती म्हणाली, "मालक, हा शब्द माझ्या आजीच्या तोंडी होता, तुमच्याही आजीच्या. तो तुम्ही काय म्हणून देणार नि मी काय म्हणून घेणार? तुमची भीती खरी आहे. तर दगडावर तुमची खूण कोरा. ती दुसऱ्या कुणी कोरली, तर मी स्वतः पाटलाला सांगेन. शब्द मात्र सगळ्यांना राहू द्या."

पाथरवटाला ते पटलं. त्यानं पाटलाला सांगून बंदी उठवली, आणि नव्या जात्यावर एक कोयरी कोरली.

हळूहळू लोक बाजारात कोयरीचं जातं मागू लागले. गावात टाकी लावणाऱ्या आणखी दोघी आल्या, नि तिघींनाही काम पुरून उरलं.

तात्पर्य एवढंच, की आपली खूण जिवापाड जपावी. पण सगळ्यांच्या तोंडचा शब्द अडवला, तर आपलंच काम अडतं.