वितळलेले वाळे

फार मागची गोष्ट आहे. किती मागची, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. पण नद्या तेव्हाही अशाच वाहत होत्या आणि माणसांची मनेही अशीच होती. म्हणून ही लहानांनी ऐकावी आणि थोरांनीही ऐकावी.

एका राज्यातून एक रुंद नदी वाहत असे. तिच्या काठाकाठाने सटवा आणि चिमा हे नवराबायको फिरत असत. ते झारेकरी होते. नदीची वाळू आणि सोनारांच्या दुकानांतली केरमाती लाकडी काठवटीत धुवायची, तिच्यातून सोन्याचांदीचे कण वेचायचे, मुशीत घालून वितळवायचे आणि बाजारात विकून पोट भरायचे, हा त्यांचा धंदा. घर नव्हते, शेत नव्हते. एका गावची माती धुऊन झाली की पुढचे गाव.

सटवाजवळ एक लांब लोखंडी सळई होती. ती वाळूत खुपसली की खाली दगड आहे की धातू, हे त्याच्या हाताला कळे.

एका वर्षी मोठा पूर आला आणि ओसरताना नदीने आपली वाट बदलली. जुने पात्र उघडे पडले. एके सकाळी तिथल्या कोसळलेल्या दरडीत सटवाने सळई घातली आणि तो थबकला.

“चिमे, इकडे ये. खाली भांडे आहे.”

दोघांनी हातांनी माती उकरली. खाली तांब्याचा हंडा निघाला. त्याचे तोंड लाखेने बंद केलेले होते. सटवाने लाख फोडली. आत दागिने होते. नथी, पाटल्या, जोडवी, तोडे, सऱ्या. काही सोन्याचे, बरेचसे चांदीचे.

चिमाला आधी हसू फुटले. मग ती एकेक दागिना उचलून पाहू लागली आणि पाहता पाहता तिचे हसू मावळले.

“अहो, हा कुणा सावकाराचा ठेवा नाही,” ती म्हणाली. “बघा ना, प्रत्येक पुरचुंडी वेगळी बांधली होती, चिंध्या कुजल्यात तेवढ्या. ह्या पाटल्या कशा झिजल्यात! रोज हातात असल्याशिवाय अशा झिजत नाहीत. कितीतरी बायकांनी अंगावरचे उतरवून इथे ठेवले आहे.”

आता त्या राज्यात एक कायदा होता. जमिनीतून जे निघेल ते चावडीवर नेऊन दाखवावे. राजा दवंडी पिटवील आणि मालकाची वाट पाहील. मालक आलाच नाही, तर ज्याला ते सापडले त्याला वाटा मिळेल आणि बाकीचे खजिन्यात जाईल. पण जो लपवील, त्याला कैद.

“आपण हे चावडीवर नेऊ,” चिमा म्हणाली.

सटवाने मान हलवली. “तुला ठाऊक नाही. माझ्या बापाला एकदा वाळूत अंगठी सापडली होती. तो सरळ मनाने चावडीवर घेऊन गेला. ते म्हणाले, कुठून चोरलीस? अंगठी तिथेच राहिली आणि बाप पाठीवर वळ घेऊन परत आला. आपल्यासारख्यांच्या हातात दागिना दिसला की लोक आधी मनगट धरतात. मूस तापलेलीच आहे. वितळवून टाकू. वितळलेल्या सोन्याला कुणी नाव विचारत नाही.”

“भीती मलाही वाटते,” चिमा म्हणाली. “पण ह्या बायकांच्या लेकी असतील, नाती असतील. त्यांच्या जिनसा मुशीत घालून मी भाकरी खाणार नाही. मी पाणी घेऊन येते. दोन घास खाऊ आणि निघू.”

ती घागर घेऊन पाण्यावर गेली. सटवा हंड्याजवळ बसून राहिला. जवळच सकाळच्या कामासाठी पेटवलेली भट्टी धगधगत होती.

त्याच्या मनात आले, चावडीवर सगळेच हिसकावून घेतले तर? निदान काहीतरी हाती राहायला हवे. त्याने हंड्यात हात घातला आणि सगळ्यांत लहान दागिना काढला. ते तान्ह्या पोराच्या पायातले चांदीचे दोन वाळे होते, अगदी हलके, घुंगरे लावलेले.

‘एवढ्याशाने कुणाचे काय जाणार?’ तो स्वतःशी म्हणाला आणि त्याने ते मुशीत टाकले.

वाळे तापून लाल झाले, मग खचले, मग त्यांचा एक थेंब झाला. तो निवल्यावर सटवाने पागोट्याच्या पदरात बांधून टाकला. चिमा परत आली. तिने सगळे दागिने मोजले नव्हते. तिला काही कळले नाही.

दोघे चावडीवर गेले आणि त्यांनी हंडा कारभाऱ्यापुढे ठेवला. सटवाला वाटले होते तसेच झाले. कारभाऱ्याने विचारले, “कुठे दरोडा घातलात?” आणि दोघांना कोठडीत बसवले.

पण चिमा शांतपणे म्हणाली, “सरकार, माणसे पाठवून जागा पाहून घ्या. खड्डा आहे, फोडलेली लाख आहे. आम्ही कुठे जात नाही.”

स्वार गेले. त्यांनी खड्डा पाहिला, लाखेचे तुकडे पाहिले, मातीत हंड्याचा उमटलेला गोल पाहिला. ते परतले तेव्हा कारभाऱ्याचा आवाज खाली आला होता. त्याने स्वतः कोठडीचे दार उघडले, दोघांना बसायला घोंगडी घातली आणि म्हणाला, “माझी चूक झाली. मनात आणले असते तर तुम्ही हे सगळे पचवू शकला असता.”

ते ऐकून चिमाचे डोळे भरून आले. सटवाने मान खाली घातली. ज्या भीतीपायी त्याने ते केले होते, ती भीती आता उरली नव्हती. तरी त्याच्या तोंडून शब्द निघेना. आता बोललो तर चोर ठरेन, असे त्याला वाटले. आणि जसजसे दिवस गेले, तसतसे बोलणे आणखी अवघड होत गेले.

कारभाऱ्याने हंडा दरबारात नेला आणि राजाने दवंडी पिटवली. मग काय, मालकांची रीघ लागली. कुणी म्हणे आमच्या आजोबांचा ठेवा, कुणी म्हणे आमच्या वाड्यातून चोरीला गेलेला. राजा प्रत्येकाला एकच विचारी, “हंड्यात काय होते?” कुणी हिऱ्यांचे हार सांगितले, कुणी सोन्याची ताटे सांगितली. राजाने सगळ्यांना परत पाठवले.

मग एके दिवशी डोंगरापलीकडून काही बायका पायी चालत आल्या. त्यांच्यापुढे एक वाकलेली म्हातारी होती. तिने हात जोडले.

“महाराज, आमच्या पणज्यांचे गाव ह्याच नदीच्या काठी होते,” ती म्हणाली. “एकदा लुटारूंची फौज गावावर चालून आली. बायका पोरांना घेऊन रानात लपायला निघाल्या. पण पळताना तोडे वाजतात, पाटल्या वाजतात. आवाज झाला की माग लागतो. म्हणून सगळ्यांनी अंगावरचे उतरवले, हंड्यात घातले आणि पुरले. गाव जळाले. वाचले ते डोंगरापलीकडे गेले. पुढे नदी फिरली आणि जागा सापडेना. पण प्रत्येक आईने आपला दागिना लेकीला सांगून ठेवला.”

“मग सांगा,” राजा म्हणाला.

एक बाई पुढे झाली. “आमची नथ आहे महाराज. मधला मोती नाही तिला.” हंड्यातून तशी नथ निघाली.

दुसरी म्हणाली, “पाटल्या. एक आतल्या अंगाने चेपलेली.” तशा पाटल्या निघाल्या.

तिसरी म्हणाली, “जोडवी. त्यातले एक चिरले होते, ते तांब्याने सांधलेले आहे.” तीही निघाली.

अशी एकेक बाई पुढे येत गेली. कुणी दागिना कपाळाला लावला, कुणी नुसता मुठीत धरून उभी राहिली. सगळ्यांत शेवटी म्हातारी पुढे आली.

“माझे वाळे आहेत महाराज. पोराच्या पायातले, चांदीचे. एकाला दोन घुंगरे, दुसऱ्याला एकच. माझी पणजी तेव्हा अंगावर पीत होती. तिच्या आईने सगळ्यांच्या आधी तिचेच वाळे काढले. लुटारू झुडपाच्या अगदी जवळून गेले, पण आवाज झाला नाही. ती जगली, म्हणून मी आहे.”

कारभाऱ्याने हंडा पाहिला, उपडा केला. उरलेला एकेक दागिना चाळला. “वाळे नाहीत,” तो म्हणाला.

“नीट बघा हो,” म्हातारी म्हणाली.

कारभाऱ्याने पुन्हा पाहिले. मग तो राजाकडे वळला. “महाराज, हंडा आल्या दिवसापासून मुद्रा लावून ठेवला होता. ह्यात वाळे कधीच नव्हते. हिची गोष्ट रचलेली दिसते. आणि हिची रचलेली असेल, तर बाकीच्यांची खरी कशावरून? हंड्यात काय आहे, ते पहारेकऱ्यांकडून कुणी काढूनही घेतले असेल.”

राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो म्हणाला, “सगळे दागिने परत हंड्यात ठेवा.”

एका तरुण मुलीने आपल्या घरची नथ नुकतीच नाकात घातली होती. ती तिने काढून ठेवली. एकेक दागिना पुन्हा हंड्यात पडू लागला.

म्हातारी रडली नाही. ती एवढेच म्हणाली, “म्हणजे माझी आई मला खोटे सांगत होती?”

हंडा ज्यांना सापडला ते म्हणून सटवा आणि चिमा यांनाही बोलावले होते, आणि सटवा दरबाराच्या कोपऱ्यात उभा होता. ते शब्द ऐकले आणि त्याला तिथे उभे राहवेना. तो पुढे आला. त्याने पागोटे उतरवले, पदराची गाठ सोडली आणि तो चांदीचा थेंब राजापुढे ठेवला.

“महाराज, आजी खरे बोलते. वाळे होते. एकाला दोन घुंगरे होती, दुसऱ्याला एक. हंडा चावडीवर आणण्याआधी मी ते वितळवले.”

“अहो...” एवढेच चिमाच्या तोंडून निघाले. तिने तोंडाला पदर लावला.

“लपवणाऱ्याला कैद आहे, हे ठाऊक होते ना?” राजाने विचारले.

“ठाऊक होते, महाराज.”

“आणि गप्प राहिला असतास तर कुणालाच कळले नसते, हेही?”

“तेही ठाऊक होते. पण माझ्यामुळे ही खोटी ठरत होती. आणि हिच्यामुळे ह्या सगळ्या.”

राजाने तो थेंब हातात घेतला, पाहिला आणि म्हातारीच्या हाती दिला. मग तो उभा राहिला. “ह्या बायकांचे दागिने त्यांना द्या,” तो म्हणाला. “मी त्यांच्या शब्दावर संशय घेतला, त्याबद्दल मी त्यांची क्षमा मागतो. सटवा, तू लपवलेस, म्हणून कसलेही बक्षीस तुला मिळणार नाही, आणि वर्षभर ह्या राज्यात तू मूस पेटवायची नाहीस. तू स्वतःहून बोललास, म्हणून तुला कैद करत नाही. पण वाळ्यांचा न्याय मला करता येत नाही. जे मोडले ते पुन्हा करून देण्याची ताकद माझ्यात नाही.”

बायका आपापले दागिने घेऊन बाहेर पडल्या. जाताना त्यांनी आपल्या शिदोरीतली नाचणी चिमाच्या ओटीत घातली. चिमाला ती नको म्हणवेना.

म्हातारी मागे राहिली होती. ती तळहातावर तो थेंब फिरवून फिरवून पाहत होती. सटवा तिच्या पाया पडायला वाकला, पण तिने त्याला थांबवले.

“एक सांग,” ती म्हणाली. “वाजत होती का रे ती घुंगरे?”

सटवा म्हणाला, “हंड्यातून उचलले तेव्हा वाजली, आजी.”

“कशी वाजली?”

सटवाने सांगायचा प्रयत्न केला. पण आवाज शब्दांत कसा सांगणार? “बारीक,” तो म्हणाला. “अगदी बारीक.”

म्हातारीने मान हलवली. “माझ्या आईने ते ऐकले नाही. तिच्या आईनेही नाही. मी आज ऐकायला आले होते. तू एकट्याने ऐकलेस.”

तिने त्याला शाप दिला नाही आणि माफही केले नाही. थेंब पदराला बांधून ती हळूहळू डोंगराच्या वाटेला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत सटवा वेशीत उभा होता.

त्या वर्षी सटवाने मूस पेटवली नाही. धुतलेले कण तो सोनाराला मिळेल त्या भावाने देत राहिला. चिमा बरेच दिवस त्याच्याशी कामापुरतेच बोलली. मग हळूहळू बोलू लागली. वर्ष सरले, मूस पुन्हा पेटली, नदीकाठी दिवस पूर्वीसारखे जाऊ लागले. वाळूत कुठे काही सापडले की सटवा ते तसेच उचलून, मातीसकट, चावडीवर नेऊन ठेवी. लोक त्याला प्रामाणिक म्हणू लागले. तसे कुणी म्हटले की तो तिथून उठून जाई.

तात्पर्य : सापडलेले परत करताना त्यातला कणही मागे ठेवू नये, कारण आपण लपवलेल्या त्या कणामुळे दुसऱ्या कुणाचा खरा शब्द खोटा ठरतो.