बंद पेटी आणि सर्वांसाठीचा पट्टा

नदीकाठच्या एका रानात एक माकड राहत असे. मोठे उद्योगी, गोडबोले, पण घाईचे. रानाच्या जत्रेत ज्याचा खेळ दिवसभर चालेल, त्याला वडाखालची मोक्याची जागा कायमची मिळणार होती. माकडाने ती मिळवायचा चंगच बांधला आणि फिरता पाळणा मांडायचे ठरवले.

पाळणा फिरवणारे यंत्र सुतारपक्ष्याकडे होते, लाकडी पेटीत बसवलेले. तो म्हणाला, "भाड्याने ने. पेटीत तू हात घाल, पण दुसऱ्या कोणाला आत डोकावू देऊ नकोस. त्या करामतीवरच माझं पोट आहे."

यंत्राच्या चाकांवर चढवायला पट्टा हवा होता. सुगरणीचे पट्टे गवताचे, पण भारी चिवट, आणि ती ते फुकट वाटी. "दाम नको रे बाबा," ती म्हणाली, "पण माझा पट्टा ज्यात बसवशील, ते सगळंच्या सगळं येईल त्याला उघडून दाखवायचं. मीही अशीच बघून शिकले."

माकड दोघांनाही "हो हो" म्हणाले. मुलांनो, ते लबाड नव्हते बरं का. दोन्ही अटी त्याला मनापासून मान्य होत्या. त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहायचे तेवढे राहिले. बाजारात मी हे फार पाहिले आहे. विकतच्या मालाची अट माणूस दहादा विचारतो, आणि फुकटच्या मालालाही अट असते हे विसरतो.

जत्रेच्या सकाळी पाळणा असा झकास फिरला, की सशांची रांग पार ओढ्यापर्यंत गेली. तेवढ्यात सुगरण पिल्लांना घेऊन आली.

"काका, पेटी उघडा. आईचा पट्टा कसा बसवलाय ते बघायचंय."

"अरे, पाळण्यात बसा की! तुम्हाला फुकट!"

"बसू नंतर. आधी उघडा."

सुतारपक्षी झाकणावरच येऊन बसला. "उघड, उघड! म्हणजे यंत्र आत्ताच घरी नेतो."

माकडाने डोके खाजवले. "थोडंसं उघडू का? फटीपुरतं?"

"फटीतून शिकता येत नाही," सुगरण म्हणाली.

"चोरता मात्र येतं," सुतारपक्षी म्हणाला.

माकडाने सशांना खाली उतरवले, सगळ्यांकडे पाठ करून पट्टा काढला आणि सुगरणीला परत दिला. पाळणा जागच्या जागी थांबला.

वरच्या फांदीवरून कोळी म्हणाला, "माझा पट्टा का नाही नेलास? विणणाऱ्याचं नाव सांगायचं, एवढीच माझी अट. मग पेटी बंद ठेव, नाहीतर उघडी, मला काय!"

"आता देतोस, दादा?"

"देतो की. विणायला चार दिवस लागतील."

जत्रा संध्याकाळी उठली. वडाखालची जागा उड्या मारून दाखवणाऱ्या बेडकाला मिळाली.

तात्पर्य : दोघांच्या वस्तू एकत्र जोडण्याआधी दोघांच्या अटी एकत्र पाळता येतील का, ते पाहावे, संगणकावर खेळ बनवणाऱ्यांनी तर नक्कीच; तेही एकाच्या भाड्याच्या बंद यंत्राला दुसऱ्याचा फुकटचा, पण अटीचा भाग जोडत असतात.