सहा फुटांचं जेन

“झालं का, चाचा?”

दादेसाबचाचांनी ओल्या लोकरीत मधोमध चिमूट रुतवली आणि वर उचलली. चार काळे केस बोटांबरोबर उठून आले.

“न्हाई.”

त्या दिवसातलं हे सातवं ‘न्हाई’. शलाका मोजत होती. ती सगळंच मोजायची. पाच महिन्यांत गळ्यातली शिंप्याची टेप तिनं झोपतानाच काय ती उतरवली असेल.

पुण्यात बाणेरला तिचं दालन होतं. नमद्याच्या दिव्याच्या शेड, उशांचे अभ्रे, कपाखाली ठेवायच्या चकत्या, लॅपटॉपची पाकिटं... सगळं देखणं, सगळं काटेकोर मापाचं. दोन मासिकांत तिचे फोटो छापून आले होते आणि दोन्हींत ती हसली नव्हती. डिझायनरनं हसायचं नसतं, असा तिचा समज होता.

नमदा म्हणजे बिनधाग्याचं कापड. माग नाही, सुई नाही. लोकर पिंजायची, पसरायची, वर चिंचोक्याची खळ शिंपडायची, चटईत घट्ट गुंडाळायची आणि ती गुंडाळी पायांनी पुढेमागे रगडत राहायची. केसात केस अडकत जातो, लोकर आकसत जाते, आणि कधीतरी एकजीव होते. कोल्हापूरकडे त्याला जेन म्हणतात. दादेसाब पिंजारी ते पन्नास वर्षं करत आले होते.

“पंधरा दिवसांत शिकून जाते,” असं म्हणून शलाका त्यांच्या पडवीत शिरली होती. तेव्हा त्यांची बायको, हाजराचाची, दाराआड जाऊन हसून आल्या होत्या.

आता पाचवा महिना चालला होता. एवढ्या दिवसांत चाचांनी तिच्या दोन तुकड्यांना “चालंल” म्हटलं होतं. एकाला “बरं हाय” म्हटलं, तेव्हा ती दिवसभर तरंगत होती. पण “झालं” हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. आणि तिला हवा होता तोच.

तिनं टेप काढली. जेनावर आडवी धरली. उभी धरली. तिरकी धरली.

“चाचा! सहा फूट! सगळीकडून बरोब्बर सहा फूट!”

“बरं.”

“म्हणजे झालं ना?”

“केस सुटत्यात अजून.”

“पण माप आलंय!”

“माप आलंय,” चाचा म्हणाले. “जेन यायचंय.”

शलाका मटकन खाली बसली.

हे जेन म्हणजे तिची आजवरची सगळ्यात मोठी मागणी होती. सरपोतदारबाई, पुण्यातल्या बड्या आर्किटेक्ट, स्वतःचं नवं घर बांधत होत्या. वाचनाच्या खोलीत लाकडी जमीन, त्या जमिनीत सहा फुटांचा गोल खळगा, आणि त्या खळग्यात काठोकाठ बसणारं काळंभोर जेन. शुक्रवारी वास्तुशांत. पन्नास-साठ पाहुणे, त्यातले निम्मे घरं सजवणारेच. हे जेन बसलं की शलाकाचं नाव चकत्या-पाकिटांतून उठून थेट मोठ्या घरांत जाणार होतं.

दोन आठवड्यांपूर्वी तिनं हे सगळं चाचांना रंगवून सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं.

“खड्डा आधी पाडला? जेन मागनं?”

“हो. त्याला डिझाइन म्हणतात, चाचा.”

“असंल,” चाचा म्हणाले होते. मग लोकर पसरताना त्यांनी सांगितलं होतं, “दोन हात वाढवून मांड.” शलाकानं ऐकलं नाही. कपाखालच्या चकत्या किती आकसतात ते तिनं वहीत लिहून ठेवलं होतं. त्यावरून गणित मांडून तिनं साडेसात फूट लोकर अंथरली. एक बोट जास्त नाही, एक बोट कमी नाही. वर चाचांनाच ते गणित समजावून सांगितलं. चाचांनी मान हलवत ऐकून घेतलं. ते फार छान ऐकायचे, हीच त्यांची खोडी होती.

आणि आता गणित तंतोतंत जुळलं होतं. फक्त जेन अर्धवट होतं.

“अजून रगडलं तर आणखी आकसेल,” ती म्हणाली.

“आकसंल की.”

“मग खळग्यात बसणार नाही.”

“न्हाई बसणार.”

“दुसरं करू? नवी लोकर आणून?”

“मेंढरं लांब गेलीत चरायला. आता लोकर दिवाळीच्या फुडं.”

“मग मी काय करू?”

चाचा चहा पीत होते. त्यांनी बशीत फुंकर मारली... एक घोट घेतला... आणखी एक घेतला. शलाकाला वाटलं, आता सांगतील. त्यांनी बशी खाली ठेवली आणि मिशा पुसल्या.

“असंच दिलं तर?” तिनंच विचारलं. आवाज जरा खाली गेला होता.

“दे की. तुझं जेन हाय.”

“काय होईल?”

“खड्डा भरंल. दिसंल बी झ्याक.”

“मग?”

“मग काय? लोक वा वा म्हणतील.”

“तुम्ही म्हणाल का?”

चाचा नुसते हसले. मग त्यांनी आत हाक मारली, “हाजरा! ऊठ जरा त्यावरनं.”

हाजराचाची चुलीपुढे एका जुन्या जेनावर बसून भाजी निवडत होत्या. “बसल्याबसल्या माणसाला उठवायचं बघा!” म्हणत त्या उठल्या. चाचांनी ते जेन झटकून शलाकापुढे टाकलं. कडा झिजलेल्या, मधे बसून बसून तुकतुकीत झालेलं.

“माझ्या बापानं केलेलं. मोज.”

शलाकानं मोजलं. चार फूट सात बोटं एका बाजूनं, साडेतीन फूट आणि काहीतरी दुसऱ्या बाजूनं.

“हे कसलं माप? कुणी मागवलं होतं असं?”

“कुणी न्हाई. तेवढंच हुतं ते.”

तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. डिझायनर होती ना.

चाचांनी तिचा चहाचा पेला उचलला. तिला वाटलं, तिला देताहेत. तिनं हात पुढे केला. चाचांनी पेला कलता केला आणि अर्धा चहा बापाच्या जेनावर ओतला.

“अहो!” चाची ओरडल्या.

चहा जेनावर थांबला. मधल्या खोलगट जागेत त्याचं छोटं तळं झालं आणि त्यात वरचं पत्र्याचं छप्पर दिसायला लागलं. चाचांनी जेन उचलून खालची फरशी दाखवली. कोरडी ठणठणीत.

मग त्यांनी उरलेला अर्धा पेला शलाकाच्या जेनावर धरला.

“चाचा, नको! शुक्रवारी द्यायचंय!”

“काळी लोकर हाय. च्या दिसत न्हाई.”

त्यांनी चहा ओतला. तो क्षणभरही थांबला नाही. दिसेनासा झाला, आणि थोड्या वेळानं जेनाच्या कडेखालून एक तांबूस ओघळ निघाला. पडवीचा उतार धरून तो सरळ शलाकाच्या पायाशी आला.

“पोरीच्या वाटणीचा च्या फुकट घालवला,” एवढंच चाची पुटपुटल्या आणि पुन्हा चहाचं आधण ठेवायला वळल्या.

शलाका त्या ओघळाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे सरपोतदारबाईंची खोली आली. काठोकाठ बसलेलं जेन, वा वा, टाळ्या. मग पुढचं वर्ष आलं. केस सुटून विरविरीत झालेलं जेन, आणि ते व्हॅक्युमनं साफ करणारी मोलकरीण. ते दोन्ही तिला अगदी स्पष्ट दिसलं. दुसरं दिसल्यावर पहिल्याची गोडी गेली. आणि फार वाईट वाटलं. उगाच नाही, मनापासून वाईट वाटलं. एवढी मोठी संधी चहाच्या ओघळाबरोबर वाहून चालली होती आणि ती अडवणं तिच्या हातात होतं.

ती उठली.

तिनं जेन चटईत गुंडाळायला घेतलं. आधीची सुतळी सकाळीच तुटली होती. तिनं इकडे तिकडे पाहिलं. मग गळ्यातली टेप काढली, दोन पदर केले, गुंडाळीला करकचून आवळली आणि गाठ मारली.

चाचांनी गाठीकडे पाहिलं. मग ते चपला काढून उभे राहिले.

“या चाची,” शलाका म्हणाली. “एकटीनं नाही व्हायचं.”

पाच महिन्यांत हे वाक्य ती पहिल्यांदाच बोलली होती.

तिघं ओळीत उभी राहिली, आडव्या बांबूला धरून. सहा पाय गुंडाळीवर. पुढे, मागे. पुढे, मागे. थोड्या वेळानं उघडायची, वळवायची, दुसऱ्या बाजूनं गुंडाळायची, पुन्हा तीच टेप, पुन्हा गाठ. शलाका सवयीनं पावलं मोजत होती. एकशे चाळीस, एकशे एक्केचाळीस...

तेवढ्यात चाचींनी सुरुवात केली. “आमच्या लग्नात काय झालं, सांगू? नवरदेव आला, आन् याच्या शेरवानीवर पाठीमागं ही एवढी लोकर चिकटलेली. माझी मावशी म्हणाली, पोरगी माणसाला दिली का मेंढराला?”

“गप ए,” चाचा म्हणाले.

“काझी बी हसला!”

“न्हाई हसला. खोकला हुता त्याला.”

“कबूल का विचारलं, तर ह्यो म्हणतोय, थांबा, आधी जेन उन्हात टाकलंय ते काढून येतो!”

शलाका हसली. आधी नाकातून, मग तोंडभर, मग बांबूला लटकून. पोट दुखायला लागलं. मासिकवाल्यांनी तिला तसं पाहिलं असतं तर ओळखलं नसतं. पाय मात्र चालत होते, आणि आकडा कुठे सुटून गेला ते तिला कळलंच नाही. चाची नणंदेवर आल्या, नणंदेवरून शेजाऱ्याच्या बोकडावर आल्या. ऊन पडवीतून उतरून अंगणात गेलं.

आणि एकदम तिचा पाय थांबला.

तिनं थांबवला नव्हता. टाचेखाली मघापर्यंत काहीतरी दबत होतं, ते आता दबेना.

“झालं,” ती म्हणाली.

आपल्याच तोंडून तो शब्द ऐकून ती दचकली. तिनं चाचांकडे पाहिलं. त्यांचेही पाय थांबले होते. केव्हापासून थांबले होते कोण जाणे.

“चाचा... झालं का?”

“मला काय इचारतीस? तू बोललीस की.”

“उघडून चिमूट घेऊन बघा ना.”

“तू बघ. मी च्या पितो.”

तिनं गाठ सोडली. टेप भिजून मऊ पडली होती आणि तिच्यावरचे आकडे रगडून पुसले गेले होते. तिनं ती बाजूला ठेवली. जेन पसरलं. मधोमध चिमूट रुतवायला गेली, तर बोटांत काही आलं नाही. चाचींनी न सांगता नवा चहा त्यावर ओतला. गोल, तपकिरी, चकचकीत तळं झालं आणि तिथंच थांबलं.

शलाकाला भरून आलं. तिनं जेनावर हात ठेवला आणि ती तशीच बसून राहिली.

“टेप गेली तुझी,” चाची म्हणाल्या. त्यांनी हाताच्या वितीनं जेन या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजलं आणि जीभ चावली. “सहा फुटाला वीतभर कमी हाय गं बाय.”

नेमका तेव्हाच फोन वाजला. सरपोतदारबाई. शलाकाचे हात खळीनं चिकट झालेले, म्हणून चाचींनी तिच्या सांगण्यावरून स्पीकर लावला आणि फोन जेनाशेजारी ठेवला.

“शलाका, झालं का?”

“झालं, मॅडम.” हा शब्द आता तिला बरा जमत होता.

“छान! सहा फूट ना?”

हो म्हणण्याइतका वेळ शलाकाला मिळाला होता. तो तिनं जाऊ दिला.

“नाही मॅडम. वीतभर कमी आलंय. मी मापावर थांबले असते, तर ते जेन झालं नसतं. आणि लोकर कमी मांडली ती चूक माझी. चाचांनी सांगितलं होतं.”

पलीकडून एक सुस्कारा ऐकू आला.

“अगं, पण शुक्रवारी माणसं येणार आहेत. खळगा सहा फुटांचा आहे! आता काय करायचं? कोण आहे तिथे? तुझे ते गुरू आहेत का? त्यांनाच विचार.”

शलाकानं चाचांकडे पाहिलं. रडावं की हसावं ते तिला कळत नव्हतं, पण ओठ हसण्याकडेच झुकले होते.

चाचांनी बशी खाली ठेवली. मिशा पुसल्या. फोनवर वाकून ते अगदी अदबीनं बोलले, “बाई, जेन बरोबर आलंय. तुमचा खड्डा वाईच मोठा झालाय.”