चिंचेने घासलेले आचार्य

एका राज्यात राजवाड्याच्या कळसापेक्षा रसशाळेचे धुराडे उंच होते, आणि राजा भद्रसेनाला त्याचा राग येण्याऐवजी अभिमानच वाटे. त्या रसशाळेत धातूंचे अध्ययन चाले. कोणता धातू कशात विरघळतो, कोणाशी मिसळला की कसा पालटतो, याचा शोध घेत पंडित दिवसभर भट्टीपुढे घाम गाळत आणि संध्याकाळभर वाद घालत. सर्वांचे प्रमुख आचार्य अग्निदत्त. काम करताना ते सतत गुणगुणत, आणि तेही बेसूर. त्यांची कन्या धारिणी त्यांच्याच हाताखाली शिकली होती. रसशाळेचा नियम तिला मुखोद्गत होता: नाद ऐकावा, ज्योत पाहावी, पाण्यात जोखावे, तिन्ही झाल्याखेरीज पदार्थाचे नाव उच्चारू नये.

एके वर्षी कालकूट नावाच्या मायावीने राज्यातल्या झाडून सगळ्या घंटा पळवल्या. देवळांतल्या नेल्या, गाईंच्या गळ्यांतल्याही सोडल्या नाहीत. डोंगरातल्या गुहेत त्यांचा ढीग रचून त्याने त्यावर शाप ठेवला. राज्य मुके झाले. तेव्हा आचार्य स्वतः घंटा आणायला निघाले. गुहेत पोचले आणि सवयीप्रमाणे त्यांनी पहिल्याच घंटेवर नखाने टिचकी मारली. त्या क्षणी त्यांचा धातूचा पुतळा झाला. गुणगुणण्यासाठी उघडलेले तोंड तसेच उघडे राहिले.

राजा पंडितांना आणि धारिणीला घेऊन धावत आला. कालकूट गुहेच्या दारात उभा होता.

"हे काय आहे ते सांगा," तो म्हणाला. "बरोबर सांगाल तर हा तुमचा, घंटाही तुमच्या. चुकाल तर हा लहान होईल. तिसऱ्यांदा चुकाल तर चिमूटभर राख उरेल. ओरखडा काढायचा नाही, कापायचे नाही, वितळवायचे नाही. उद्या सूर्यास्ताला येतो."

गुहेतल्या ओलाव्याने पुतळ्यावर एव्हाना हिरवट थर चढला होता. आता पंडितांची एक खोड होती. परीक्षेला आलेली वस्तू आधी लखलखीत केल्याशिवाय त्यांना चैनच पडत नसे. त्यांनी आचार्यांना चिंचेने असे घासले, की थराचा ठिपकाही उरला नाही. मग त्या झळाळीला भुलून एक जण म्हणाला, "सुवर्ण!" पुतळा पोराएवढा झाला. दुसरा म्हणाला, "पितळ!" पुतळा मांडीवर मावेल एवढा झाला. तिसऱ्या पंडिताचा घसा नेमका तेव्हाच बसला.

"धारिणी, तू सांग," राजा म्हणाला.

"मला अजून माहीत नाही, महाराज."

तिने वडिलांना उचलून छातीशी धरले आणि बाहेर येऊन झाडाखाली बसली. ती खूप रडली. ज्यांनी हात धरून भट्टी फुंकायला शिकवले, ते आता तिच्याच कुशीत मावत होते, आणि एका चुकीच्या शब्दाने तेवढेही राहणार नव्हते. फांदीवर तांबूस पंखांचा एक भारद्वाज बसला होता. तो बोलू लागला.

"रडून झाले का?"

"झाले," डोळे पुसत धारिणी म्हणाली.

"मग चल. नाद ऐकायचा तर नि:शब्दवन, ज्योत पाहायची तर यक्षिणी. पाणी इथेच आहे."

नि:शब्दवनात पान पडले तरी आवाज होत नसे. तिथे धारिणीने लाकडी हातोडीने पुतळ्यावर हलकेच आघात केला. नाद उठला आणि घुमतच राहिला. भारद्वाजाने एकेक करून सगळी पिसे साफ केली, तरी तो विरला नव्हता. पितळ इतका वेळ घुमत नाही. तांब्यात कथील मिसळले, तरच नाद असा लांबतो. मात्र त्या नादाच्या शेपटाशी काहीतरी बेसूर होते, ते काय हे तिला उमगेना.

आता तांबे आहे याची साक्ष हवी होती, पण साक्षीदार हिरवा थर तर पंडितांनी धुऊन टाकलेला.

"तो थर ज्यात विरघळला, ते चिंचेचे पाणी कुठे गेले असेल?" तिने विचारले.

"गुहेबाहेरच्या खडकाच्या खळग्यात," भारद्वाज म्हणाला. "मी चोच बुडवून पाहिली. फार वाईट लागते."

गुहेपाशी परतून तिने लोखंडी सुरी घासून त्या पाण्यात बुडवून ठेवली. बाहेर काढली तेव्हा पात्यावर तांबडा मुलामा चढला होता. ती सुरी घेऊन धारिणी यक्षिणीकडे गेली. यक्षिणी पळसाच्या ढोलीत राहत असे आणि तिच्या ज्योतीला स्वतःचा रंग नव्हता.

"ज्योत देईन," यक्षिणी म्हणाली, "पण आधी मला हसव. कित्येक वर्षांत हसले नाही."

धारिणीला विनोद येत नव्हते. तिने वडिलांची चाल गुणगुणून दाखवली, हुबेहूब त्यांच्यासारखी. यक्षिणी एवढी हसली की ढोलीतून खाली पडली. मग तिने ज्योत धरली, पाते ज्योतीत गेले आणि ज्योत हिरवी झाली. तांबे ते तांबेच.

धारिणी परतली तेव्हा दुसऱ्या दिवसाचा सूर्य कलला होता.

"तांबे आणि कथील, म्हणजे कांसे!" पंडित एका सुरात म्हणाले. "घंटांचाच धातू. सांगून टाक."

"वेळ उरला नाही, धारिणी," राजाही म्हणाला.

शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण तो चुकला तर वडील पुन्हा दिसणार नव्हते.

"क्षमा असावी, महाराज. तिसरी परीक्षा राहिली आहे."

गुहेपाशी कुंड होते. तिने तराजू मागवला, एका पारड्यात पुतळा ठेवला आणि दुसऱ्यात तेवढ्याच वजनाची कांशाची भांडी. काटा स्थिर झाल्यावर तिने दोन्ही पारडी कुंडात बुडवली. पुतळ्याचे पारडे अलगद वर आले.

पंडितांचे चेहरे पडले. "म्हणजे कांसे नव्हे," कोणी पुटपुटले.

धारिणीने पुतळा पाण्याबाहेर काढला आणि त्याच्या उघड्या, पण आतून धातूने बुजलेल्या तोंडाला कान लावला. अगदी बारीक, अगदी बेसूर आवाज येत होता. ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

इतक्यात कालकूट आला. "शेवटचे विचारतो. हे काय आहे?"

"कांसे आहे ते केवळ वरचे कवच," धारिणी म्हणाली. "आत पोकळी आहे आणि पोकळीत श्वास आहे. हे माझे तात आहेत, आचार्य अग्निदत्त."

कवचाला तडा गेला. आचार्य वाढत वाढत पुरते आचार्य झाले. अर्धवट राहिलेली चाल त्यांनी आधी पूर्ण केली. मग पायाशी पडलेला कवचाचा तुकडा उचलून डोळ्यांजवळ नेला.

"कथील किती आहे यात?"

"तात, ओरखडा काढायची मनाई होती."

"मग अंदाज सांग."

"घरी जाऊन जोखू," धारिणी म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडली. आचार्यांनीही तुकडा टाकून दिला आणि लेकीला घट्ट धरले.

गुहेतल्या सगळ्या घंटा आपोआप वाजू लागल्या. त्या गजरात कालकूटाची सगळी माया गळून गेली, आणि उरला कानांवर हात धरलेला एक साधा माणूस. राजाने त्याला दंड म्हणून काम दिले, की प्रत्येक घंटा होती तिथे नेऊन टांगावी, गाईंच्यासुद्धा. गाईंनी त्याला बरेच पळवले म्हणतात. पंडितांना आज्ञा झाली की यापुढे रसशाळेत चिंच आणू नये, ती आमटीत घालावी.

राज्याला त्याचा आवाज परत मिळाला आणि धारिणीला तिचे तात. ऐकणाऱ्यांच्या घरीही गुणगुणणारी माणसे असोत, सुरात नसली तरी चालतील.