अकरावा टेक

"...आणि अकराव्या टेकलाही तीच चूक! सांगा अण्णा, सहा वर्षांच्या मुलीला शिकवायचं तरी कसं?"

अण्णा गवाणकर बालनाट्यातल्या सिंहाची आयाळ शिवत बसले होते. ऐंशी वर्षांचे. मी आठ वर्षांची असताना त्यांनीच मला ससा केलं होतं. आता मी पुण्याहून कोर्स करून आलेली, फाइलमध्ये प्रत्येक शॉटचं चित्र. विचारायला गेले होते; खरं तर दाखवायलाही.

"सिनेमा कसला गो?"

"सात मिनिटांचा. घरचाच. तुषारच्या वर्षश्राद्धाला सासूबाईंना दाखवायचाय. तो होता तेव्हाची आमची एक साधी संध्याकाळ."

"तुषार कोण झालाय?"

"माझा दीर, भूषण. शर्ट तुषारचाच. चालतोही तसाच..."

अण्णांनी दोरा दाताने तोडला.

"पोरं छळतात?"

"पुतण्याचा दात दोन शॉटच्या मधे पडला. दार उघडताना आहे, पाणी आणून देताना नाही. ते खपून जाईल. पण आमची जुई..."

"धावत नाही?"

"धावते की! बाबा दारातून आला की धावत जाऊन मिठी मारते. शर्टात तोंड खुपसते. इतकं खरं, की मला समोरचं नीट दिसेनासं होतं."

"मग चूक कुठे?"

"नंतर. मान वर करते, माझ्याकडे बघते आणि म्हणते, 'काका.' अगदी स्पष्ट. दर वेळी! शॉट बाद."

"मग तू काय करतेस?"

"कट म्हणते. दुसरं काय करणार?"

"आणि भूषण?"

"तो परत बाहेर जातो. दार लोटून घेतो. मी ॲक्शन म्हटलं की परत..."



अण्णांची सुई हवेतच राहिली.

"म्हणजे तिचा बाबा अकरा वेळा घरी आला," ते म्हणाले.

...

फाइल मांडीवरून घसरली. कागद गोळा करायला मी गरजेपेक्षा बराच वेळ लावला.

"मी ओरडले तिला, अण्णा. म्हटलं, उद्या शेवटचा टेक. पुन्हा चुकलीस तर तुला काढून दुसरी मुलगी घेईन. तेव्हापासून घोकतेय... 'काका नाही म्हणायचं, काका नाही म्हणायचं.'"

"मग उद्या नाही म्हणणार."

"नाही म्हणणार."

...

"मी काय करू, अण्णा?"

अण्णांनी सिंह मांडीवरून खाली ठेवला.

"उद्या चूक तू कर."